लाल भोपळ्याची प्युरी घरच्या घरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती उठले की मला दोन प्रकारचे फोन सुरू होतात. इथले फोन घारग्यांचे असतात: घारगे तेल पितायत, काय करू? आणि ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतून बहीण आणि तिच्या मैत्रिणी: दारात तीन भोपळे येऊन पडलेत, त्यांचं काय करू? दोन्हीकडे अडतं ते बहुतेक एकाच जागी, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते.

प्युरी म्हणजे आपण घारग्यांना करतो तो गरच ना?

तोच. भोपळा शिजवायचा, मोडायचा, गुळगुळीत करायचा. पाककृतींच्या भाषेत ती झाली प्युरी. फरक एवढाच, की घारग्यांना गर थोडा सैल झाला तर मूठभर कणीक जास्त घालून वेळ मारून नेता येते. केक, पाय (अमेरिकेतला, सारण भरून भाजायचा गोड पदार्थ), वडी, हलवा यांत तशी सोय नसते. तिथे गर किती आटलेला आहे यावर सगळं ठरतं. पुढे मी पाण्याबद्दल इतक्यांदा का बोलतेय असं वाटलं, तर कारण हे आहे.

भोपळा नेमका कुठला? आमच्याकडे तर याला वेगळंच म्हणतात.

लाल भोपळा, म्हणजेच तांबडा भोपळा. सातारा-कोल्हापूरकडे डांगर, खानदेशात गंगाफळ, काही ठिकाणी काशीफळ. विदर्भात कोहळं. आणि इथेच गोंधळ होतो, कारण आमच्याकडे पुण्यात कोहळा म्हणजे पेठा करतात तो पांढरट, राखाडी. माझी वहिनी नागपूरची. लग्नानंतरच्या पहिल्या सणाला तिने बोंडं करायला कोहळं आणायला सांगितलं आणि मी मंडईतून पाच किलोचा पांढरा कोहळा उचलून आणला. ती बघतच राहिली. त्या दिवशी बोंडांऐवजी कोहळ्याचं सांबार झालं. गोव्यात आणखी मजा: तिथे कोकणीत दुदी म्हटलं की हाच लाल भोपळा समोर येतो.

आपल्या मंडईत दिसणारा भोपळा बहुतेक ‘कुकुर्बिटा मोशाटा’ या जातीचा असतो. हे शास्त्रीय नाव लक्षात ठेवा, पुढे अमेरिकेच्या डब्यापाशी ते कामाला येणार आहे.

मंडईत निवडताना काय बघायचं? अख्खा घ्यावा की फोड?

फोड. निदान पहिल्यांदा तरी. फोडीत आतलं दिसतं, आणि भोपळ्याची परीक्षा आतूनच होते. गर गडद केशरी हवा. फिकट पिवळा असला तर पाणीदार आणि बेचव निघतो. बिया टपोऱ्या, भरलेल्या हव्यात. चपट्या, पोकळ बिया म्हणजे भोपळा कोवळा असताना तोडलाय. कोवळा भोपळा भाजीला छान, प्युरीला नाही. कापलेल्या बाजूवर बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागलं तर ती फोड कालची नाही, परवाची आहे. भाजीवाल्या मावशींना ‘ताजा चिरून द्या’ म्हटलं की त्या देतात. संकोच करू नका.

अख्खा घेत असाल तर दोन सारख्या आकाराचे भोपळे हातात तोलून बघा आणि जड असेल तो घ्या. साल नखाने दाबून खूण उमटता कामा नये. देठ वाळलेला आणि जागेवर हवा, कारण देठ तुटलेल्या ठिकाणाहून कुजायला सुरुवात होते. पूर्ण पिकलेला अख्खा भोपळा कोरड्या, हवेशीर जागी काही महिने सहज टिकतो. फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही. फोड मात्र बिया काढून, झाकून फ्रीजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवायची.

सालीच्या रंगावर जाऊ नका. हिरव्या पट्ट्यांच्या, मातकट सालीच्या भोपळ्यात मला सगळ्यात सुंदर गर मिळालाय. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेच्या ‘अर्का चंदन’, ‘अर्का सूर्यमुखी’ अशा नावाजलेल्या जाती आहेत, पण बियाणं विकत घेणाऱ्यालाच ती नावं कळतात. मंडईत ‘कुठली जात?’ विचारलंत तर ‘गोड जात’ एवढंच उत्तर येईल.

अख्खा भोपळा कापायचा कसा? सुरी अडकते.

विळ्या-भोपळ्याचं सख्य हा वाक्प्रचार ज्याने काढला त्याने नक्की अख्खा भोपळा चिरला असणार. खाली ओला पंचा घाला, म्हणजे भोपळा गडगडणार नाही. आधी देठाकडचा भाग चकतीसारखा काढा, मग तो सपाट भाग खाली ठेवा. सुरी मोठी, जड पात्याची हवी. टोक आत खुपसून मग मूठ खाली दाबायची, करवतीसारखी पुढे-मागे ओढायची नाही. भोपळ्याला नैसर्गिक खाचा असतात, त्या धरून गेलं तर काम सोपं होतं. अगदीच ऐकत नसेल तर सालीला चार-पाच ठिकाणी खोल टोचे मारून मायक्रोवेव्हमध्ये तीन-चार मिनिटं फिरवून घ्या, साल नरम पडते. टोचे न मारता ठेवू नका, आत वाफ कोंडते.

बाईने अख्खा भोपळा फोडू नये, पहिला घाव पुरुषाने घालावा, असं बऱ्याच घरांत पाळतात. आमच्याकडेही सासूबाई सासऱ्यांना हाक मारायच्या. त्यामागची श्रद्धा ज्याची त्याची. मला त्यात एक गोष्ट पटते, की स्वयंपाकघरातलं एखादं जड काम तरी त्या निमित्ताने दुसऱ्याच्या वाट्याला यायचं.

साल आधी काढायची की शिजल्यावर?

शिजल्यावर. कच्च्या भोपळ्याची साल सोलताना गर वाया जातो, मनगट दुखतं आणि बोट कापायची भीती असते. शिजला की साल चमच्याने सुटी होते. बिया आणि मधला धाग्यांचा गुंता मात्र आधीच काढा. शिजल्यावर ते धागे गरात मिसळतात.

शिजवण्याची सगळ्यात चांगली पद्धत कुठली?

घरी ओव्हन असेल तर भाजणं. नसेल तर कुकर. पण पाण्यात बुडवून उकडणं नाही, ते आपण एकदाच आणि कायमचं सोडून देऊ.

भोपळ्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. शिजताना त्याच्या पेशी फुटतात आणि ते पाणी बाहेर येतं. त्यात तुम्ही वरून आणखी दोन तांबे पाणी घातलंत तर गर ते पितो, आणि त्याची गोडी आणि रंग त्या पाण्यात उतरतो. मग ते पाणी तुम्ही मोरीत ओतता. म्हणजे भोपळ्याचा चांगला भाग गेला आणि चोथा राहिला.

*कुकर:* फोडींचे तीन-चार बोटं रुंदीचे तुकडे करून कुकरच्या डब्यात ठेवा, साल खाली. डब्यात पाण्याचा थेंब नको. डब्यावर झाकण हवंच, नाहीतर कुकरच्या झाकणावर जमलेली वाफ थेंब-थेंब गरात पडत राहते. तळाशी नेहमीसारखं पाणी, मध्यम आचेवर दोन शिट्ट्या, मग वाफ आपोआप जिरू द्या. डबा उघडलात की तळाला अर्धी वाटी केशरी पाणी दिसेल. ते भोपळ्याचंच आहे. काढून बाजूला ठेवा, फेकू नका.

*कढई:* आजीची पद्धत. जाड बुडाच्या पातेल्यात तुपाचं बोट फिरवायचं, तुकडे घालायचे, वर झाकणी ठेवून झाकणीत पाणी ओतायचं. आच मंद. झाकणीतल्या पाण्यामुळे आतली वाफ थंड होऊन परत खाली पडते आणि भोपळा स्वतःच्याच पाण्यात शिजतो, खाली लागत नाही. वीस-पंचवीस मिनिटं. शेवटी झाकणी काढून पाच मिनिटं परतलं की जास्तीचं पाणी तिथल्या तिथे उडून जातं. ओव्हन नसलेल्यांना मी हीच पद्धत सुचवते, कुकरपेक्षा वेळ लागला तरी.

*ओव्हन किंवा ओटीजी:* २०० अंश सेल्सिअस. फोडीला तेलाचा हात लावून कापलेली बाजू ट्रेवर उपडी घाला. अर्धा भोपळा असेल तर पाऊण ते एक तास, लहान फोडींना चाळीसेक मिनिटं. साल सुरकुतली, कडा तपकिरी झाल्या आणि ट्रेवर चिकट, पाकासारखे डाग दिसायला लागले की झालं. इथे पाणी उडून जातं, साखर एकवटते, कडांना खरपूस वास येतो. या गराला पुढे गूळसुद्धा कमी लागतो.

*मायक्रोवेव्ह:* घाईच्या दिवशी. झाकून, अर्ध्या किलोला आठ-दहा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. काम होतं. कौतुक करण्यासारखं काही नाही.

शिजला हे कसं ओळखायचं?

सुरीचं टोक लोण्यात जावं तसं गेलं पाहिजे. अर्धवट शिजलेल्या भोपळ्याची प्युरी मिक्सरमध्ये गुळगुळीत दिसते, पण जिभेवर रवाळ लागते.

माझा गर नेहमी पातळ होतो. किती घट्ट हवा?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि ‘एक कप प्युरी’ लिहिणाऱ्या पाककृती याचं उत्तर देत नाहीत. एक कप पातळ आणि एक कप घट्ट यांत अर्धी वाटी पाण्याचा फरक असू शकतो.

माझी परीक्षा स्टीलच्या ताटलीची. मोडलेल्या गराचा एक चमचा ताटलीत मध्यभागी ठेवा आणि पाच मिनिटं दुसरं काहीतरी करा. परत आल्यावर गोळ्याभोवती पाण्याचं कडं दिसलं, तर गर अजून ओला आहे. कडं नाही, गोळा जसाच्या तसा उंच बसलाय आणि ताटली तिरकी केली तरी लगेच घसरत नाही, म्हणजे जमलं.

ओला असेल तर दोन उपाय. पहिला, टांगणं: चक्क्याला दही टांगतो तसा मलमलच्या कापडात बांधून तासभर, किंवा चाळणीवर कापड घालून त्यात पसरून ठेवा. पिळू नका, पिळला की गर कापडातून बाहेर येतो आणि पाणी आतच राहतं. दुसरा उपाय, आटवणं: जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर उलथण्याने हलवत राहायचं. आधी फटफट उडेल (हाताला चटके बसतात, लांब दांड्याचं उलथणं घ्या), मग उडायचं थांबेल, आणि मग उलथणं ओढल्यावर मागे कढईचा तळ दिसेल आणि क्षणभर तसाच राहील. तिथे गॅस बंद.

टांगलेला गर रंगाने उजळ आणि चवीला हलका राहतो. आटवलेला गडद, गोड, थोडा हलव्याच्या वाटेवर गेलेला. सूपला मी यातलं काहीच करत नाही, तिथे पाणी घालायचंच असतं. केक आणि पायला टांगते. वड्या आणि घारग्यांना आटवते.

मिक्सर, रवी की पुरणयंत्र?

पुरणयंत्र! इतक्या लोकांच्या माळ्यावर ते होळी ते होळी झोपून असतं. बारीक जाळी लावून गरम गर फिरवला की धागे वर राहतात, खाली रेशमासारखा गर पडतो, आणि मिक्सरसारखी हवाही त्यात शिरत नाही. मिक्सरला काही जण फिरत नाही म्हणून पाणी घालतात, आणि मग तासभर टांगून काढलेलं पाणी परत आत. मिक्सरच वापरायचा तर गर कोमट असू द्या, थांबत-थांबत फिरवा, भांड्याच्या कडा चमच्याने खाली ओढा. वाफाळता गर झाकण घट्ट लावून फिरवू नका, झाकण उडतं. आमच्या छताला अजून एक केशरी ठिपका आहे.

भरताला यातलं काहीच नको. काट्याने किंवा रवीने मोडायचं, थोड्या गाठी राहिलेल्याच चांगल्या लागतात.

एक किलो भोपळ्याचा किती गर निघतो?

साल-बियांसकट एक किलो फोडीतून माझ्या काट्यावर पाचशे ते साडेपाचशे ग्रॅम घट्ट गर मिळतो, म्हणजे साधारण दोन कप किंवा थोडा जास्त. घट्ट गराचा एक कप २४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. फिकट, पाणीदार भोपळा असेल तर याहून कमीच धरा.

गर कडू लागला. गूळ वाढवला तर चालेल?

नाही. टाकून द्या, सगळाच्या सगळा. हे एकच उत्तर मी कडक आवाजात देते.

काकडी, दुधी, भोपळा या घराण्यात कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. खाण्याच्या जातींत ती जवळजवळ नसतात, पण कधीकधी, विशेषतः परसातल्या बिया धरून लावलेल्या आणि रानटी किंवा शोभेच्या जातींशी संकर झालेल्या वेलाला, कडू फळ येतं. शिजवून हा कडवटपणा जात नाही. पोटात गेलं तर जोराच्या उलट्या आणि जुलाब होतात. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्याचे प्रकार आपल्या देशात झाले आहेत. म्हणून भोपळा चिरला की कच्चा कपचा जिभेच्या टोकाला लावून बघायची सवय ठेवा. कडू लागला तर थुंकून टाका. थोडं पोटात गेलं असेल आणि त्रास व्हायला लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरकडे जा.

आत बियांना कोंब आलेत. खावा का?

गर टणक असेल, वास ठीक असेल आणि कडू नसेल तर खुशाल. भोपळा जुना झालाय, एवढंच.

प्युरी किती दिवस टिकते?

फ्रीजमध्ये झाकून तीन-चार दिवस. फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशाला, मी सहा महिन्यांपर्यंत ठेवते; त्यापुढे खराब होते असं नाही, पण चव उतरते. पूर्ण गार झाल्यावरच भरा. झिपच्या पिशवीत एक-एक कप भरून ताटावर आडवी ठेवून गोठवली की पुस्तकांसारखी उभी रचता येते. बर्फाच्या ट्रेमध्येही छान: एक खाचा साधारण दोन मोठे चमचे, आठ खडे म्हणजे एक कप. काचेच्या बरणीत काठोकाठ भरू नका, गोठताना गर फुगतो. माझी एक बरणी तडकली आणि काचेच्या भीतीने एक किलोचा गर कचऱ्यात गेला.

वितळल्यावर पाणी सुटलेलं दिसेल. घाबरू नका, चाळणीवर पंधरा मिनिटं ठेवा. तासन्‌तास वीज जात असेल तिथे मात्र एकदा पूर्ण वितळून कोमट झालेला गर परत गोठवू नका.

लोणच्यासारखा बरणीत भरून वर्षभर बाहेर ठेवता येईल?

नाही, आणि अमेरिकेत राहणाऱ्यांना हे मुद्दाम सांगते, कारण तिथे घरी बरण्या सीलबंद करायची पद्धत आहे. भोपळा आंबट नसतो. आंबटपणा कमी, हवा नाही आणि ओलावा भरपूर, अशा जागी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू विष तयार करू शकतो. प्रेशर कॅनर (बरण्या वाफेच्या दाबाखाली तापवायचं भांडं) असला तरी प्युरी इतकी दाट असते की उष्णता बरणीच्या मध्यापर्यंत भरवशाने पोहोचत नाही. अमेरिकेचं कृषी खातं म्हणूनच भोपळ्याच्या फक्त तुकड्यांना परवानगी देतं, मोडलेल्या गराला नाही. अंदाजाने लिंबू पिळून हा प्रश्न सुटत नाही. फ्रीजर वापरा.

अमेरिकेत डब्यात मिळणारी प्युरी आणि आपला गर यांत काय फरक?

इथे माझ्या भ्रमाचा भोपळा फुटला होता. मला वाटायचं, डब्यात ते हॅलोविनचे केशरी, गोल भोपळे असणार. नसतात. लिबीज या कंपनीचा तो प्रसिद्ध डबा ‘डिकिन्सन’ नावाच्या भोपळ्यापासून होतो: लांबट, फिकट तपकिरी सालीचा, इलिनॉय राज्यात मॉर्टन गावाच्या आसपास पिकणारा. आणि तो आहे कुकुर्बिटा मोशाटा. म्हणजे मंडईतल्या आपल्या भोपळ्याच्या जातीचाच. न्यू जर्सीतल्या बहिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘तरीच घारगे घरच्यासारखे लागतात.’

डबा १५ औंसांचा, म्हणजे ४२५ ग्रॅम, पावणेदोन कप. डब्याऐवजी घरचा गर घालताना कपाने मोजू नका. ताटलीच्या परीक्षेत उतरलेला गर काट्यावर ४२५ ग्रॅम घ्या.

शेजारीच दुसरा डबा असतो, पाय फिलिंगचा. त्यात साखर आणि दालचिनी-लवंग-जायफळाचा मसाला आधीच असतो. बहिणीने एकदा घाईत तो उचलला. घारगे झाले, पण नाताळाचे.

मग हॅलोविनच्या भोपळ्याचं काय करायचं?

कोरून, आत दिवा लावून ओट्यावर ठेवलेला असेल तर काही नाही, कंपोस्टमध्ये टाका. दोन-तीन दिवस उघड्यावर पडलेला कापलेला भोपळा खायचा नसतो. न कोरलेला असेल तर खाता येतो, पण ती जात कोरण्यासाठी वाढवलेली असते: फळ मोठं, आतला गर पातळ थराचा, धाग्यांचा, फिका. सूपला लसूण-मिरचीबरोबर खपून जातो. प्युरीसाठी दुकानात ‘शुगर’ किंवा ‘पाय पंपकिन’ या नावाने लहान भोपळे मिळतात ते घ्या. त्याहून बरा बटरनट, तोही मोशाटाच, आणि वर्षभर मिळतो. कबोचा हा जपानी भोपळा मिळाला तर त्याचा गर रताळ्यासारखा कोरडा आणि पिठूळ असतो, टांगायची गरजच पडत नाही, उलट घारग्यांना चमचाभर दूध लागतं.

घारग्यांचं प्रमाण सांगा. आणि ते तेल का पितात?

एक कप आटवलेला गर, पाऊण कप चिरलेला गूळ, दीड ते दोन कप कणीक, दोन चमचे तांदळाची पिठी, एक चमचा रवा, चिमूटभर मीठ, जायफळ किंवा वेलची, एक चमचा कडकडीत तेलाचं मोहन. पाणी शून्य.

गर गरम असतानाच गूळ घाला. गूळ विरघळला की घट्ट केलेला गर पुन्हा पातळ होईल; बायका इथेच दचकतात आणि कणीक ओततात. थांबा. गॅसवर परत तो कढईचा तळ दिसेपर्यंत आटवा, मग पूर्ण, अगदी पूर्ण गार करा. गरम मिश्रणात कणीक घातली तर ती जास्त खाते आणि घारगे चिवट होतात. गार झाल्यावर पिठं, मोहन घालून पुरीपेक्षा जरा घट्ट मळा. वीस मिनिटांहून जास्त ठेवू नका, गुळाला पाणी सुटून गोळा सैल पडत जातो.

केळीच्या पानावर किंवा प्लास्टिकवर, तुपाचा हात लावून, पुरीपेक्षा जाड थापा. वर खसखस दाबा. तेल मध्यम. पिठाचा बारीक गोळा टाकून बघा: तळाला जाऊन दोन-तीन क्षणांत वर आला तर बरोबर. तळालाच बसून राहिला तर तेल थंड आहे आणि घारगे ते पिणार. सैल पीठ हे तेल पिण्याचं दुसरं कारण. घारगा तेलात गेल्यावर फुटून पसरत असेल तर गूळ जास्त झालाय. उरलेल्या पिठात मूठभर कणीक मिसळा, पहिला फुटलेला घारगा करणाऱ्याने उभ्याउभ्या खायचा.

उपवासाला चालतो का?

आमच्याकडे चालतो, बहुतेक मराठी घरांत चालतो. तूप-जिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, दही घालून भरीत. मोहरी-हिंग त्या दिवशी नाही. गंमत अशी की भोपळ्याची ही घराणी मूळची अमेरिका खंडातली. मेक्सिकोतल्या ओहाका भागातल्या एका गुहेत सापडलेल्या भोपळ्याच्या बिया सुमारे १०,००० वर्षं जुन्या आहेत. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, साबुदाण्याचा कंद, सगळे तिकडचेच. उपवासाचं ताट म्हणजे अर्धी अमेरिका.

बाळाला देता येईल?

सहा महिने पूर्ण झाल्यावर, बाळाच्या डॉक्टरांना विचारून, हो. मीठ-साखर न घालता, वाफवून मऊ केलेला, वर तुपाचा थेंब. भोपळ्याला केशरी रंग देणारं कॅरोटीन स्निग्ध पदार्थाबरोबर अंगी लागतं, म्हणून तूप. रोज आणि खूप देत राहिलात तर बाळाच्या तळव्यांवर पिवळसर झाक दिसू शकते. ती कावीळ नव्हे. डोळ्यांचे पांढरे भाग पिवळे होत नाहीत. तरी शंका आली तर दाखवून घ्या.

चिरल्यावर हाताची कातडी ओढल्यासारखी होते, सालपटं निघतात. ॲलर्जी आहे का?

बहुतेक वेळा ती भोपळ्याच्या चिकाची करामत असते. चीक हातावर वाळतो आणि पातळ पापुद्र्यासारखा ताणतो. चिरण्याआधी हाताला खोबरेल लावा, झाल्यावर तेल चोळून मग साबणाने धुवा. खाज सुटली, पुरळ आलं, तर पुढच्या वेळी हातमोजे घाला आणि डॉक्टरला दाखवा.

बिया, साल आणि ते बाजूला ठेवलेलं पाणी?

पाण्यात त्याच दिवशी कणीक भिजवा, पोळ्यांना रंग येतो. नाहीतर वरणात घाला. बिया धुऊन, धागे काढून, ताटात एकपदरी पसरून दोन दिवस उन्हात. मग मंद आचेवर मीठ-पाणी शिंपडून भाजायच्या, तडतडायला लागल्या की उतरवायच्या. संध्याकाळी टीव्हीसमोर सोलत बसायला बऱ्या.

सालीची चटणी मी कुकरमधल्या सालीची करत नाही, ती लिबलिबीत होते. भोपळा कोवळा असेल तेव्हा भाजीच्या वेळी सोललेली साल बारीक चिरून तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परतायची, त्यात तीळ, सुकं खोबरं, लाल तिखट, मीठ आणि किंचित साखर. परतताना धीर धरा. मऊ पडली की घाईने उतरवावीशी वाटते, पण तिला कुरकुरीत व्हायला अजून दहा मिनिटं लागतात.